मोबाईलमधल्या गड्याचा सातबारा

गेल्या दिवाळीत बहिणीकडे, जुन्नरच्या बाजूला गेलो होतो. ओसरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच आतून दाजींचा आवाज आला, "तो मोबाईल एकदा विहिरीत टाकतो, म्हंजे सुटलो!" समोर भाचा खाली मान घालून बसलेला. दहावीचे वर्ष, कांद्याची रोपे लावणीला आलेली, आणि पोरगा दोन तास खोलीत मोबाईल घेऊन बसलेला. बहिणीने मला पाणी दिले आणि डोळ्यांनीच खूण केली की दादा, आता तूच काय ते बघ.

मंडळी, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी हा प्रसंग घडला असेल. वडील ओरडतात, मुलगा गप्प बसतो, आई दोघांच्या मध्ये सापडते. पोरगा त्या काचेत नेमके करतो काय, हे मात्र कोणीच विचारत नाही. मी विचारले. दिवाळीचे चार दिवस होते, मलाही दुसरा उद्योग नव्हता. त्या चार दिवसांत जे कळले ते तुम्हांला सांगतो. त्यातला काही भाग मुलांच्या उपयोगाचा आहे आणि काही थोरांच्या.

पहिली शंका दाजींची होती आणि ती रास्त होती. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन रमीपायी घरे बसल्याच्या बातम्या त्यांनी वाचल्या होत्या. अशा पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्र सरकारने 2025 साली केला. भाच्याचा खेळ त्या जातीचा नव्हता. त्यात एक गडी असतो, त्याला आपण चालवायचे, लढवायचे, मासे धरायला लावायचे, लाकडे तोडायला लावायचे, आणि जसजसे काम होईल तसतसा तो गडी तयार होत जातो. जगभरची हजारो माणसे त्याच वेळी त्याच गावात आपापले गडी फिरवीत असतात. खेळाचे नाव 'ओल्ड स्कूल रूनस्केप'. मूळचा रूनस्केप इंग्लंडातल्या केंब्रिजचा. अँड्र्यू गॉवर या तरुणाने आपल्या भावाच्या साथीने 2001 च्या जानेवारीत तो सुरू केला. पुढे तो फार बदलला, तेव्हा जुन्या लोकांच्या आग्रहाखातर 2007 सालच्या रूपातला खेळ 2013 मध्ये वेगळा काढून दिला. 2018 पासून तो मोबाईलवर आला आणि अशा रीतीने आमच्या बहिणीच्या ओसरीवर पोचला.

भाच्याच्या तोंडावर जे दुःख होते ते बापाच्या रागाचे नव्हतेच मुळी. त्याचा गडी त्या दिवशी तीनदा मेला होता.

"मामा, सातशेच्या वर गोब्लिन मारले मी. लेव्हल अठरा आहे माझी. माझ्या दोस्ताचीबी अठराच आहे. तो हिल जायंटला पाडतो, आन्‌ मी मरतो. गेमच खोटा आहे."

मी म्हटले, "दाखव बघू तुझा सातबारा."

सातबारा म्हणण्याचे कारण असे. या खेळात एका चिन्हावर बोट ठेवले की लहान लहान चौकोनांचे पान उघडते. प्रत्येक चौकोनात एका कसबाचे चित्र आणि पुढे आकडा. गड्याच्या नावावर काय किती आहे, याचा तो उताराच. आपल्याकडे माणूस कितीही मोठ्या गप्पा मारो, तलाठ्याचा कागद पाहिला की खरे क्षेत्र कळते. तसेच इथे. आणि गंमत अशी की सातशे गोब्लिन मारणाऱ्या आमच्या भाच्याने ते पान नीट वाचलेच नव्हते. तो सगळा भरवसा नावापुढच्या एका अठरावर ठेवून होता.

चार आकडे, चार प्रश्न

लढाईचे मुख्य आकडे चार. खेळ इंग्रजीत असल्याने नावे इंग्रजीच राहणार, पण ती भ्यायची नाहीत. प्रत्येक आकडा एकाच प्रश्नाचे उत्तर देतो, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

'ॲटॅक' म्हणजे माझा घाव समोरच्याला लागेल की हुकेल? 'स्ट्रेंग्थ' म्हणजे लागलाच तर केवढा लागेल? 'डिफेन्स' म्हणजे समोरच्याचा घाव मला लागेल की हुकेल? आणि 'हिटपॉइंट्स' म्हणजे किती घाव खाऊन मी उभा राहीन?

डिफेन्सच्या बाबतीत नवशिक्यांचा हमखास गैरसमज होतो. त्यांना वाटते, डिफेन्स वाढला की घाव हलका बसेल. तसे नाही. डिफेन्स घाव चुकवतो. बसलेला घाव बसायचा तेवढाच बसतो. चिलखताचेही बहुतेक असेच. म्हणून डिफेन्स उत्तम असलेल्या गड्यालाही जीव हवाच, आणि जीव भरपूर असला तरी डिफेन्स नसेल तर तो जीव फुटक्या रांजणातल्या पाण्यासारखा वाहून जातो.

आता भाच्याचा उतारा पाहा. ॲटॅक 30, स्ट्रेंग्थ 8, डिफेन्स 1, हिटपॉइंट्स 22. खेळात सगळ्यांची सुरुवात एकापासून होते, फक्त हिटपॉइंट्स 10 पासून. म्हणजे सातशे गोब्लिन मारून झाल्यावरही आमच्या गड्याचा डिफेन्स जन्माला आला तेव्हा होता तेवढाच होता!

असे झाले कसे? तर तलवार हातात घेतली की चार तऱ्हांनी लढता येते, आणि ज्या तऱ्हेने लढाल त्या कसबाला अनुभवाचे गुण मिळतात. पोरे त्या गुणांना एक्सपी म्हणतात. पहिल्या तऱ्हेने लढलात तर सगळे गुण ॲटॅकला, दुसरीने स्ट्रेंग्थला, एकीने तिघांत वाटून आणि एकीने डिफेन्सला. खेळ आपणहून पहिली तऱ्हा लावून देतो. भाच्याने मध्यंतरी चुकून थोडे दिवस दुसरी लावली होती, तेवढी त्याची स्ट्रेंग्थ आठ झाली. बाकी सारे पाणी एकाच सरीत सोडलेले. बाजूच्या सऱ्या कोरड्या, आणि हा म्हणतो पीक का येत नाही!

हिटपॉइंट्सचे तसे नाही. कोणत्याही तऱ्हेने लढा, त्यांना त्यांचा वाटा आपोआप जातो. समोरच्याचा एक हिटपॉइंट कमी केलात की निवडलेल्या कसबाला चार गुण आणि हिटपॉइंट्सना एक आणि वर एक तृतीयांश गुण. गोब्लिनचा जीव पाच, म्हणजे एका गोब्लिनमागे वीस गुण. (या खेळात कोंबड्या आणि गाईही मारायला ठेवलेल्या आहेत. खेळ विलायती, त्यांचे त्यांना. आमच्या भाच्याने गाईंकडे तलवार नेली नाही आणि त्याचे काही अडलेही नाही.)

अठराचा हिशेब

भाच्याची मुख्य तक्रार होती की दोघेही अठरा, मग एक जिंकतो आणि एक मरतो हे कसे? कागद-पेन्सिल घेऊन बसलो. नावापुढे दिसणारी लढाईची लेव्हल ही काही वेगळी कमाई नव्हे, ती या चार आकड्यांची आणि थोडीशी प्रार्थनेच्या आकड्याची बेरीज-भागाकार करून काढलेली असते. डिफेन्स आणि हिटपॉइंट्स मिळवून त्याचा पाव हिस्सा घ्यायचा. ॲटॅक आणि स्ट्रेंग्थ मिळवून त्याला 0.325 ने गुणायचे. दोन्हींची बेरीज करून अपूर्णांक सोडून द्यायचा. भाच्याचे 1 आणि 22 मिळून 23, त्याचा पाव हिस्सा 5.75. 30 आणि 8 मिळून 38, त्याचे 12.35. बेरीज 18.10. झाले अठरा.

दोस्ताचा उतारा त्याने व्हॉट्सॲपवर मागवला. ॲटॅक 16, स्ट्रेंग्थ 16, डिफेन्स 12, हिटपॉइंट्स 17, आणि हाडे पुरून पुरून प्रार्थना 4. प्रार्थनेचा निम्मा भाग डिफेन्सच्या बाजूला जातो. त्याचाही हिशेब अठराच आला.

आता खरी मेख पुढे आहे. भाच्याच्या तिसाला 13,363 गुण लागले होते आणि आठाला 801. एकूण 14,164. दोस्ताच्या सोळा, सोळा आणि बाराला मिळून फक्त 7,076. म्हणजे निम्म्या मेहनतीत दोस्त त्याच अठरावर पोचला होता, आणि वर तिन्ही बाजूंनी भरलेला होता. गोब्लिनांत मोजायचे तर याने 708 मारले, त्याने 354. पोरगा तो कागद बराच वेळ बघत बसला. दाजी ओट्यावरून हे सारे ऐकत होते, पण ऐकत नसल्यासारखे करीत होते.

निम्म्या मेहनतीचे कारण असे की या खेळात वरची पायरी खालच्या पायरीपेक्षा महाग असते. पहिलीवरून दुसरी लेव्हल गाठायला 83 गुण पुरतात. चार-पाच गोब्लिनांचे काम. दहावीला एकूण 1,154 गुण लागतात, विसावीला 4,470, तिसावीला 13,363, चाळिसावीला 37,224 आणि पन्नासावीला 1,01,333. साधारण सात लेव्हल वर गेले की लागणारे गुण दुप्पट होतात. सावकाराच्या व्याजासारखेच हे. म्हणून नवशिक्याने एकाच आकड्याला तिसापर्यंत ओढून नेण्यापेक्षा तीन आकडे पंधरा-विसावर आणावेत. स्वस्तातल्या पायऱ्या आधी सगळीकडे चढून घ्याव्यात, हे कोणत्याही शहाण्या गृहिणीला सांगावे लागणार नाही.

अर्थात मुरलेल्या खेळाडूंपैकी काहीजण मुद्दाम डिफेन्स एकवर ठेवतात. खेळात काही भाग असा आहे की तिथे माणसाच्या गड्याशी माणसाचा गडी लढतो, आणि जोडी या अठरा-विसाच्या आकड्यावरून लागते. अशा वेळी आकडा लहान राखून घाव मोठा ठेवणारा फायद्यात राहतो. पण ते पहिलवानांचे डावपेच झाले. पहिल्या महिन्यातल्या पोराने ते करू नयेत, कारण मिळवलेला अनुभव सहसा परत देता येत नाही आणि गणित चुकले तर नवा गडी धरावा लागतो.

राक्षसाची गाठ

हिल जायंट हा राक्षस तळघरात राहतो. त्याचा जीव 35 आणि त्याचा एक घाव जास्तीत जास्त चारचा. भाच्याजवळ ॲडमंट धातूची वाकडी तलवार होती. ती उचलायला ॲटॅक 30 लागतो, आणि त्या तलवारीपायीच तर त्याने ॲटॅक वाढवला होता. पण स्ट्रेंग्थ आठ असताना त्या तलवारीचा घाव जास्तीत जास्त दोनच बसतो. म्हणजे राक्षस पाडायला किमान अठरा घाव लागायला हवेत. राक्षसाला मात्र 22 जीवाचा हा गडी पाडायला सहा घाव पुरे. शिवाय डिफेन्स एक, तेव्हा राक्षसाचे घाव हुकणार तरी कसे? डिफेन्स एकवर अंगावर कांस्याचे नाहीतर लोखंडाचे चिलखत चढते, त्यापुढचे नाही. पोलादाला डिफेन्स 5 लागतो, मिथ्रिलला 20, ॲडमंटला 30. हातात उंची तलवार आणि अंगात बनियन, अशी त्याची अवस्था होती.

"तलवार कुणाची घेतली यावर घाव ठरत न्हाई का मग?" त्याने विचारले.

ठरतो, पण निम्माच. तलवार आणि ताकद यांचा गुणाकार होतो, त्यात एक बाजू लहान राहिली की दुसरी कितीही वाढवा, उत्तर लहानच येते. हीच तलवार, स्ट्रेंग्थ 30 आणि लढण्याची दुसरी तऱ्हा, एवढे जुळवले तर घाव सहापर्यंत जातो. दोनाचे सहा! तलवार बदलायलाच नको.

बाकीचे आकडे थोडक्यात सांगतो. धनुष्यबाणाचा आकडा 'रेंज्ड', मंत्राचा 'मॅजिक'. या दोघांचे आणि तलवारीचे एक त्रिकूट असते. चिलखतवाल्यापुढे मंत्रवाला जड, मंत्रवाल्यापुढे धनुष्यवाला जड आणि धनुष्यवाल्यापुढे तलवारवाला जड. लोखंडी चिलखत घालून मंत्र टाकायला गेलात तर मंत्र हुकू लागतात, हे नवशिक्यांना कोणी सांगत नाही. मंत्राला दर वेळी खर्चही येतो, कारण त्यासाठी लागणारे खडे विकत घ्यावे लागतात. बाण मात्र बरेचसे जमिनीवरून परत वेचता येतात. काटकसरी माणसाने धनुष्य घ्यावे, असे माझे मत.

'प्रेयर' म्हणजे प्रार्थना. मारलेल्या शत्रूची हाडे पुरली की ती वाढते. साध्या हाडाला साडेचार गुण, मोठ्या हाडाला पंधरा. सुरुवातीला तिचा उपयोग थोडा, पण 43 व्या लेव्हलला अशी प्रार्थना मिळते की ती चालू असेतोवर साध्या शत्रूचे तलवारीचे घाव लागतच नाहीत. ती आटते मात्र लवकर, आणि देवघरापुढे जाऊन पुन्हा भरून घ्यावी लागते.

जेवणाचे आकडे

लढाईच्या आकड्यांइतकेच चुलीचे आकडे महत्त्वाचे आहेत. हा भाग आमच्या बहिणीने फार रस घेऊन ऐकला.

गड्याचा गेलेला जीव आपोआप भरतो, पण मिनिटाला एक या गतीने. बावीस भरायला बावीस मिनिटे बसून राहायचे. त्यावर उपाय जेवण. कोळंबी खाल्ली तर जीव तीनने वाढतो, ट्राउट मासा सातने, सामन नऊने, लॉब्स्टर म्हणजे मोठा शेवंडा बाराने आणि स्वोर्डफिश चौदाने. पण ट्राउट धरायला मासेमारीची लेव्हल 20 लागते, शेवंड्याला 40. धरलेला मासा भाजायला पाककलेचा आकडा वेगळा. ट्राउटला 15, शेवंड्याला 40. आणि आकडा गाठला म्हणून मासा नीट भाजला जाईल असेही नाही. नव्या सुगरणीच्या हातून पोळी करपते तसा तो करपतो. कोळंबी करपणे 34 व्या लेव्हलला थांबते, शेवंडा करपणे 74 व्या लेव्हलपर्यंत पिच्छा सोडत नाही.

बहीण म्हणाली, "एवढं खरं लिव्हलंय व्हय त्यांनी!"

गड्याच्या पिशवीत 28 जागा असतात. भाचा तळघरात गेला तेव्हा त्याने पिशवीत काय नेले होते? सात कोळंब्या, आणि बाकी सगळी जागा वाटेत सापडलेल्या भंगाराने भरलेली. राक्षसाच्या एका घावाला चार जीव, आणि एका कोळंबीने भरणार तीन. म्हणजे खाता खाताच माणूस मरायचा.

मेल्यावर काय होते तेही सांगतो, कारण पोरे तिथेच रडतात. गडी पुन्हा गावात जिवंत होतो. जवळच्या सर्वांत किमती तीन वस्तू त्याच्यापाशी राहतात, उरलेल्या मेल्या जागी कबरीत पडतात, आणि त्या परत आणायला पंधरा मिनिटे मिळतात. पण उताऱ्यावरचा एकही आकडा मरणाने कमी होत नाही. कमावलेले कसब जागच्या जागी असते. भाच्याला हे ठाऊक होते, तरीही त्या तीन मरणांचे त्याला वाईट वाटले. माझ्याही वयाला वाटले असते.

आकडे मरणाने जात नाहीत, पण खाते चोरीला गेले तर सगळेच जाते. म्हणून परवलीचा शब्द आणि मोबाईलवर येणारा ओटीपी मित्रालासुद्धा सांगायचा नाही. या खेळात एक मोठी पेठ आहे, तिचे नाव ग्रँड एक्स्चेंज. तिथे भर गर्दीत उभे राहून "तुमची नाणी द्या, दुप्पट करून देतो" असे ओरडणारे ठग असतात. पहिल्यांदा शंभराचे दोनशे करून देतात, दुसऱ्यांदा हजार घेऊन पसार होतात. हे सांगितले तेव्हा मात्र दाजींना राहवले नाही. ते उठून आत आले आणि आमच्याजवळ बसले. त्यांच्याच गावात अशी एक 'दुप्पट'ची योजना येऊन गेली होती आणि त्यात घरचेही काही गेले होते. पोराला ते ठाऊक नव्हते. त्या संध्याकाळी बापाने ते स्वतःच्या तोंडाने सांगितले.

सगळेच खेळ असे नसतात

एक खुलासा करायला हवा. आकड्यांचा हा प्रकार रूनस्केपने काढलेला नाही. अमेरिकेत 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा बैठा खेळ काढला. त्यात तीन फासे टाकून 3 ते 18 पर्यंतचे सहा आकडे काढीत: बळ, चापल्य, तब्येत, बुद्धी, शहाणपण आणि माणसांवर पडणारी छाप. तिथून ही रीत संगणकावर आली. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने 1978 मध्ये, आणि पुढे रिचर्ड बार्टलने, अनेकांनी एकाच वेळी खेळायचा अक्षरी खेळ रचला. आजचे ऑनलाइन खेळ त्याच वेलीची फळे.

काही खेळांत काम करून कसब वाढत नाही. लेव्हल वाढली की तुमच्या हातावर काही गुण ठेवले जातात आणि ते कुठे लावायचे ते तुम्ही ठरवायचे. कोरियाच्या 'रॅग्नारॉक ऑनलाइन'मध्ये असे सहा आकडे आहेत. तिथे पहिल्या दहापर्यंत आकडा एकने वाढवायला दोन गुण पडतात, पुढच्या दहाला तीन, आणि नव्वदीच्या पुढे गेलात की एकेका पायरीला अकरा. अशा खेळात पहिल्या दिवशी गुण वाटून टाकण्याची घाई करू नये. आपला गडी तलवारीचा की मंत्राचा की बाणाचा हे आधी ठरवावे, त्याला लागणारे दोन आकडे मुख्य धरावेत, तिसरा जगण्यापुरता वाढवावा. सहाच्या सहा सारखे वाढवणाऱ्याचा गडी कशालाच धड होत नाही. म्हणजे आमच्या भाच्याला जो सल्ला दिला त्याच्या जवळजवळ उलटा सल्ला इथे! म्हणूनच आधी खेळ कोणत्या जातीचा ते बघावे आणि मग आकडे वाचावेत. रूनस्केपमध्ये कोणत्याही चौकोनावर बोट दाबले की कोणत्या लेव्हलला काय मिळते त्याची यादीच उघडते. ती वाचायला इंग्रजी थोडे लागते, आणि ते पोरांना आपोआप येते.

आता थोरांसाठी. भाच्याच्या मनात ॲटॅक 99 करायचा होता. 99 ही वरची टोकाची लेव्हल, तिला 1,30,34,431 गुण लागतात. मी त्याला विचारले, निम्मी वाट कितव्या लेव्हलला होते? तो म्हणाला पन्नासला. दाजी म्हणाले, साठ-सत्तरला असेल. खरे उत्तर 92. ब्याण्णवाव्या लेव्हलला 65,17,253 गुण होतात, म्हणजे बरोबर निम्मे. शेवटच्या सात पायऱ्या पहिल्या ब्याण्णव पायऱ्यांइतक्या लांब. समजा तासाला दहा हजार गुण मिळाले, तर चाळिसावी लेव्हल चार तासांच्या आत होते आणि 99 ला तेराशे तास लागतात. रोज एक तास खेळले तर साडेतीन वर्षे. पोरगा दहावीत सुरू करून बारावीच्या पुढे गेला तरी संपायचे नाही.

हा हिशेब कागदावर मांडल्यावर मला बोलावे लागले नाही. भाच्यानेच सांगितले की तिन्ही आकडे तीस करतो आणि थांबतो, मार्चनंतर पुढचे बघू. बापाने रोज संध्याकाळी पाऊण तास कबूल केला, रविवारी दीड. घासाघीस झाली, पण तीही बाजारातल्यासारखी मोकळेपणाने झाली.

मध्यंतरी भाच्याचा फोन आला. स्ट्रेंग्थ 30 झाली, डिफेन्स 20. सगळ्या लढायांतून हिटपॉइंट्सही 28 वर आले. अंगावर मिथ्रिलचे चिलखत, पिशवीत बारा ट्राउट, स्वतः धरलेले आणि स्वतः भाजलेले. राक्षसाला हा गडी पाडायला आता किमान सात घाव लागतात, याला राक्षस पाडायला किमान सहा. आणि राक्षसाचे बरेच घाव हुकतात. पहिला राक्षस पडला तेव्हा पाच ट्राउट शिल्लक होते. मोठे हाड त्याने तिथेच पुरले.

फोन मग दाजींनी घेतला. त्यांना एक विचारायचे होते. त्या उताऱ्यावर एक चौकोन शेतीचा आहे, हे त्यांच्या लक्षात आले होते. ती शेती 2005 साली खेळात आली. तण काढायचे, खत घालायचे, बी टाकायचे. आपण खेळ बंद करून झोपलो तरी पीक वाढत राहते, आणि रोग पडला तर मरतेही. बटाट्याला चाळीस मिनिटे लागतात. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला राखणीची बलुती दिली की पीक मरत नाही. बटाट्याच्या राखणीला दोन बादल्या खत, कांद्याच्या राखणीला बटाट्याचे एक पोते, कोबीच्या राखणीला कांद्याचे एक पोते. मी हे सारे सांगितले. दाजी खूश झाले. कांद्याच्या पोत्याला तिथे मान आहे म्हणाले.

मग भाच्याचा आवाज आला, "पण अण्णा, शेतीचा चौकोन फुकटात न्हाई उघडत. दर महिन्याला पैशे भराय लागत्यात."

पलीकडे क्षणभर शांतता. मग दाजी म्हणाले, "शेती कराया पदरचे पैशे घालायचे? मंग ती हितंच करतोय की!"